खालची फळी

चैत्र सरता सरता साखर कारखान्यांची धुराडी थंडावतात आणि पाथर्डीकडची माणसं ऊसतोडीवरून घरी परततात. गावात मग दुपारची दोन कामं एकदमच चालतात. वर्षाचं धान्य निवडायचं आणि वाचनालयात आलेल्या नव्या कादंबऱ्या पारखायच्या. दोन्ही कामांना बाया त्याच, जागाही तीच, शाळेमागची पत्र्याची खोली. बायांच्या मांडीवर सुपं, आणि मधोमध पुस्तक उघडून बसलेली ज्ञानेश्वरी.

ज्ञानेश्वरीची शाळा सातवीतच सुटली. त्याआधीही दर हंगामात धाकट्या दिशाला कडेवर घेऊन आईबापामागं ऊसफडात हिंडायचं, मग पुढचं शिक्षण कुठलं. दिशा मात्र शिकली. केडगावात शिक्षिका झाली. आणि ज्ञानेश्वरीच्या कमरेला आता वाचनालयाची किल्ली होती.

पारखायची रीत बायांनीच पाडलेली. वाचता वाचता सुपातले हात थांबले, तर गोष्ट चांगली. हात चालूच राहिले, तर लेखकानं कागद फुकट घालवला. एका कादंबरीतली माणसं इतकी सज्जन होती, की तासाभरात दोन पायल्या गहू निवडून झाला. "निर्मळ हाय," गोजरबाई म्हणाली होती, "पन नुसत्या पान्यानं प्वाट भरत न्हाई."

गोजरबाई म्हणजे ज्ञानेश्वरीची आणि दिशाची आई. तिला अक्षर ओळखू येत नाही, पण जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ. म्हणून पुस्तक स्वच्छ की कसं, हा कौल तिनं द्यायचा. मागच्या साली एका कादंबरीतली नायिका नदीवर गेली, तसा लेखक गोष्ट काठावर टाकून तिच्यामागं पाण्यात उतरला आणि चार पानं वर आलाच नाही. गोजरबाईनं पुस्तक मिटायला लावलं. ते गेलं वरच्या फळीवर. तिथं स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही, आणि चढणाऱ्याला सगळं गाव बघतं. खालची फळी निवडलेल्या पुस्तकांची, आठवीतल्या पोरीनंही न विचारता घेऊन जावीत अशी.

यंदा ज्ञानेश्वरीनं उघडली ती कादंबरी दिशानं लिहिलेली होती.

शेजारच्या बजरंगच्या आईनं सूप हलवत टोमणा मारलाच. आईच पारखणार म्हटल्यावर निकाल कशाला ऐकायचा, सरळ पेढेच वाटा. गोजरबाईनं मानही वर केली नाही. "लेकीची भाकरी सासरी जायची आसती," ती म्हणाली. "ती जास्तच उलटून बघावी लागती."

पहिल्याच दुपारी हात थांबले. रखमा नावाची ऊसतोडणीची बाई, तिचा कोयता, तिच्या दोन लेकी. दुसऱ्या दुपारी एक कोंबडी सुपात चोच घालून गेली, तरी कुणाला हाकलायचं भान नव्हतं. ज्ञानेश्वरीचा ऊर भरून येत होता. ज्या बहिणीला कडेवर खेळवलं, तिच्या शब्दांनी बारा बायांची सुपं थांबवली होती.

पण तिसऱ्या दुपारचं भय तिला आधीपासून होतं. दहाव्या प्रकरणात दोन पानं अशी होती, की त्यांत टोळीचा मुकादम रखमाला एकटी गाठून तिचा हात धरतो. ते दिशानं मनानं रचलेलं नव्हतं. अकरा वर्षांच्या ज्ञानेश्वरीनं उसाच्या मोळ्यांआडून ते पाहिलं होतं, आणि कितीतरी वर्षांनी एकट्या दिशाला सांगितलं होतं. आईला वाटत होतं, कुणीच पाहिलं नाही. ती पानं वाचली तर पुस्तक वरच्या फळीवर जाणार, आणि आई भर बायांत खाली मान घालणार. ज्ञानेश्वरीनं बांगडीतली पिन काढली आणि ती दोन पानं एकत्र टाचून टाकली.

तिसऱ्या दुपारी तिनं ती पानं एकदमच उलटली आणि पुढचं वाचलं. सकाळी मुकादम आला, तेव्हा त्याच्या मनगटाला पट्टी होती.

गोजरबाईनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"ज्ञाने, एक ओवी गळाली."

"न्हाई आई. असंच लिवलंय."

"मुकादमाच्या हाताला पट्टी आपोआप बांदली गेली व्हय? काय झाकलंस, ते वाच."

पिन काढताना ज्ञानेश्वरीच्या बोटाला टोचली. मग तिनं वाचलं. दिवस कलला होता. रखमा मागं राहिलेल्या मोळ्या बांधत होती. मुकादमानं मागून येऊन तिचं मनगट धरलं. रखमाचा हात थरथरला, पण कोयता फिरला, बोथट पाठीकडून, आणि मुकादमाच्या मनगटावर बसला. आज पाठ लागली, ती म्हणाली, उद्या धार लागेल. मग तिनं उरलेल्या मोळ्या बांधल्या आणि लेकींसाठी चूल पेटवायला गेली.

एकही सूप हलत नव्हतं. बजरंगच्या आईनं हळूच विचारलं, "ही रखमा कोन आसंल गं?"

"आसंल कशाला?" गोजरबाई म्हणाली. "तुझ्याम्होरं बसलीय."

तिची मान खाली गेली नव्हती. बजरंगच्या आईनं सूप बाजूला सारलं आणि सरकून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. निकिता नावाची गावातली नवी सून दबकत बोलली, की असलं प्रकरण आहे म्हणजे पुस्तक वरच ठेवायला लागणार ना.

"त्या नदीवाल्यानं मिटक्या मारल्या हुत्या," गोजरबाई म्हणाली. "हिनं एक तरी मारली का? घान मुकादमाच्या हातात हुती. माझ्या लेकीच्या लिवन्यात न्हाई. खाली ठिवा. पोरी फडावर जायच्या आदी त्यांच्या हाताला लागू द्या."

आणि सूप पुन्हा मांडीवर घेत ती गुणगुणली,

"ऊस तोडून तोडून माझा कोयता झिजला
लेकीच्या गं लिवन्यात तो पुन्यांदा उजळला."

बाया गेल्यावर मायलेकी दोघीच उरल्या. गोजरबाईनं जमिनीवरची पिन उचलली आणि ज्ञानेश्वरीच्या बांगडीत परत अडकवली.

"तू हुतीस व्हय तितं?"

"मोळ्यांच्या आड. दिशी कडेवर हुती."

गोजरबाईनं तिचा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "गोष्टीत एक चूक हाय पन. माझा हात थरथरला न्हवता."

ज्ञानेश्वरीला ती संध्याकाळ आठवली. उसाच्या पाचटाचा वास, कडेवर दिशाचं ओझं. थरथरला होता तो तिचा स्वतःचा हात, बहिणीच्या तोंडावर दाबून धरलेला. सांगता सांगता तो आईचा झाला होता.

तेवढ्यात दिशाचा फोन आला. तिनं एवढंच विचारलं, वर की खाली.

"खाली," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पन आई म्हनती, एक वाक्य चुकलंय."

पलीकडं दिशा आधी हसली, मग तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. ज्ञानेश्वरीनं पेन्सिलीनं ते वाक्य खोडलं. गोजरबाईनं खोडलेली रेघ बोटानं चाचपून पाहिली, आणि पुस्तक आपल्या हातानं खालच्या फळीवर ठेवलं.