पाठ दाखवायची नाही

"वाघ समोर आला तर ओरडायचं नाही, पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. त्याच्याकडे बघत हळूहळू मागं सरकायचं."

मोहर्लीच्या रिसॉर्टच्या जेवणघरात वनरक्षकानं सकाळी हे शिकवलं. जेवणानंतर त्याच सतरंजीवर नागपूरच्या दिव्या मॅडमनी शिकवलं, "कुणी हात लावला तर जोरात ओरडायचं!" दोन्ही प्रशिक्षणं एकाच दिवशी उरकल्यानं मॅनेजर प्रफुल्लसाहेब समाधानी होते.

खोल्या झाडणारी सोनीबाई उभी राहिली.

"मॅडम, सकाळी त बोंबलू नोका म्हनलं. आता बोंबला म्हनता?"

"सकाळचं वाघाबद्दल होतं, बाई."

"अन हे कोनाबद्दल हाये जी?"

"माणसांबद्दल."

जिप्सी चालवणारे बाबूभाई मागून म्हणाले, "पट्टे दिसले त चूप, नाई दिसले त बोंब मार. सीधी बात हाय, सोनीबाई."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग सराव झाला. साहेब पाहुणा झाले आणि सोनीबाई अशी ओरडली की बाहेरच्या मोहाच्या झाडावरची वानरं उड्या टाकत पळाली. त्याचा फोटो निघाला. तो चौकटीत बसून ऑफिसात लागला.

पुढच्याच महिन्यात, तीन नंबरच्या कॉटेजमध्ये गरम पाण्याची बादली ठेवताना, मालकांच्या ओळखीच्या एका कंत्राटदारानं सोनीबाईचं मनगट धरलं. त्याला पट्टे नव्हते. सोनीबाई मात्र ओरडली नाही. वाघाच्या जंगलात मोहफुलं आणि तेंदूपानं वेचण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं त्याच्या डोळ्यांत डोळे रोवले, हिसडा दिला आणि पाठ न वळवता दारापर्यंत सरकली. हात मागं नेऊन कडी काढली. ओसरीच्या पायऱ्याही ती उलटीच उतरली.

स्वयंपाकघरात कमळा भांडी घासत होती. "बाई, बांगड्या कुठी गेल्या तुह्या?"

"तीन नंबरात."

तक्रार समितीपुढं गेली. नियमाप्रमाणं अध्यक्ष बाई हवी, म्हणून साहेबांच्या सौभाग्यवती अध्यक्ष होत्या. त्या चंद्रपूरला राहत, म्हणून साहेबच बसले.

"ओरडल्या का?"

"नाई जी."

"शिकवलं होतं ना? हा बघा फोटो."

"पाय मांगं सरकले ना जी. पायाले काय मालूम, समोर कोन हाये."

"मग आम्हाला तरी कसं मालूम होणार? कुणी ऐकलं नाही, कुणी पाहिलं नाही."

"माह्यं एवढंच म्हननं हाये, त्या मानसाले पुन्हा खोली देऊ नोका."

साहेबांनी चष्मा पुसला. "पाहुणे मालकांचे आहेत, सोनीबाई. तुमचं प्रशिक्षण परत घेऊ."

बाहेर कमळा थांबली होती. "सोड न बाई हे काम."

"सोडून कुठी जाऊ? मोहफुलाले जंगलात जाऊ देत नाईत आता."

दिवाळीत कंत्राटदाराची गाडी पुन्हा फाटकातून आत आली. त्या दिवसापासून सोनीबाई कोणत्याच खोलीत एकटी गेली नाही. ती आत बादली ठेवायची, कमळा उघड्या दारात उभी राहायची. मग दोघी पाहुण्याकडं बघत, एक-एक पाऊल मागं टाकत बाहेर यायच्या. पायऱ्यासुद्धा तशाच उतरायच्या. शाळामास्तर असो, म्हातारं जोडपं असो, कुणालाही सूट नव्हती.

साहेब चिडले. "सगळ्यांनाच काय हे?"

"पट्टे दिसत नाईत ना जी," सोनीबाई म्हणाली.

साहेब काही करणार इतक्यात पुण्याच्या एका पाहुणीनं जाताना त्या दोघींचं भरभरून कौतुक केलं. इतका आदर तिनं कुठंच पाहिला नव्हता म्हणे. साहेबांनी लगेच फोटोग्राफर बोलावला.

नव्या माहितीपत्रकात आत उघडताच तो फोटो आहे. खाली छापलंय, 'पाहुण्याला पाठ न दाखवण्याची इथली प्राचीन आदिवासी परंपरा'. सोनीबाई तीन नंबरच्या पायरीवर आहे. फोटोग्राफरनं सांगूनही ती हसलेली नाही. तिची नजर दारावर आहे आणि बांगड्या नसलेला हात मागं, कमळाच्या मुठीत.