कावळा नसलेला किनारा

आईचा दहावा बर्डलिंग्स फ्लॅटला करायचा हे मी ठरवलं आणि काकांना सांगितलं. विचारलं नाही.

ख्राइस्टचर्चहून गाडीने तासाभराच्या आत ही वस्ती येते. थोडी बुटकी घरं, पत्र्याची छपरं, वाऱ्याने एकाच बाजूला झुकलेली झुडपं आणि त्यांच्यापुढे नजर पोचेल तिथवर गोट्यांचा किनारा. समुद्र काठापासूनच खोल आहे, म्हणून पाण्यात उतरू नका अशी मोठी पाटी लावलेली. लाट परत फिरते तेव्हा असंख्य गोटे एकमेकांवर घासत खाली ओढले जातात. सुपात धान्य पाखडावं तसा तो आवाज, पण फार मोठ्या सुपात. आई त्या आवाजासाठी यायची. रविवारी मला हॉस्पिटलच्या फार्मसीतून सुट्टी असली की घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास गाडीत टाकून आम्ही निघायचो.

"अगदी ग्रीस," ती म्हणायची. "फक्त शाल जास्तीची लागते."

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शंतनू आला. शंतनू म्हणजे विश्वनाथकाकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. तो शिकायला म्हणून ऑकलंडला आला आणि तिथल्या पापाटोएटो उपनगरातच राहिला. तो आला ते स्वतःहून, पण त्याच्या खिशातल्या फोनमध्ये काकाही आले. काय करायचं, कोणी करायचं, तोंड कुठल्या दिशेला करायचं, सगळं पुण्याहून येत होतं.

जीवखड्याचं तेवढं अडलं. आपल्याकडे दहनाच्या वेळी एक दगड उचलून ठेवतात. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात आहे असं मानायचं, त्यावर रोज तिळाचं पाणी घालायचं आणि दहाव्याला तो पाण्यात सोडायचा. इथल्या क्रेमेटोरियममध्ये गालिचा होता, मंद संगीत होतं, पाण्याचे ग्लास होते. दगड नव्हता. काका फोनवर म्हणाले, "असं कसं, दगड नसलेली जागा असते का कुठे?" मग शंतनू बाहेर जाऊन गुलाबाच्या वाफ्याच्या कडेचा एक राखाडी गोटा घेऊन आला. तिथली बाई दारातून बघत होती. शंतनूला वाटलं, आता ओरडणार. ती म्हणाली, हवा असेल तर आणखी एक ने, म्हणजे जोडी होईल.

तो गोटा मी मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली ठेवला. रोज पाणी मी घातलं. काकांना वाटत होतं शंतनू घालतो, आणि शंतनूने त्यांना तसंच वाटू दिलं.

भांडण दगडावरून झालं. शंतनू पुढच्या आठवड्यात पुण्याला जाणार होता. काकांचं म्हणणं, दहाव्याचं काय ते तिकडे करा, पण जीवखडा न सोडता शंतनूबरोबर पाठवा. दादाचा नाशिकला गोदावरीत सोडला, वहिनींचाही तिथेच जायला हवा. "नवराबायकोला दोन समुद्रांत टाकायचं का?" असं ते म्हणाले. समुद्र एकच असतो, असं मी म्हणाले नाही. नुसतं नाही म्हणाले.

का नाही, ते सांगायला बाबांच्या दहाव्यापासून सुरुवात करावी लागेल.

मी तेव्हा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होते. दहावा नाशिकला झाला. आई आणि मी पुण्यात घरी, कारण आमच्यात बायका घाटावर जात नाहीत. संध्याकाळी काकांनीच येऊन सगळं सांगितलं. पिंड ठेवले, कावळे आले, झाडावर बसले, पण शिवेनात. बराच वेळ गेला. लोक एकेक करून बोलायला लागले, मुलीचं लग्न करू, शिक्षण पुरं करू. तरी नाहीच. शेवटी काकांनी हात जोडून म्हटलं, "दादा, वहिनी माझ्या घरी राहतील. त्यांना मी कुठेही जाऊ देणार नाही." आणि कावळा शिवला.

सांगताना काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. घरातल्या सगळ्यांच्याच होतं. आई एवढंच म्हणाली, "भाऊजी, दर्भ नव्हता का?"

कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. ही सोय आहे आणि ती काही आडबाजूची नाही. पण तिच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही, आणि आमचं घर आवरून ती सहकारनगरला काकांकडे राहायला गेली. तिथे तिला काही कमी पडलं नाही. वेगळी खोली, वेळेवर डॉक्टर, दिवाळीला साडी. पण भिशीच्या बायकांबरोबर गणपतीपुळ्याला जायचं निघालं, तेव्हा काका म्हणाले, "वहिनी, दादाला शब्द दिलाय." मी न्यूझीलंडला आले आणि तिला बोलावू लागले, तेव्हाही तेच. माझ्या इथल्या पदवीदानाला तेच. माझा घटस्फोट झाला तेव्हाही तेच. अशी वर्षं गेली. मग एका सकाळी, बॅग भरून झाल्यावर, तिने त्यांना सांगितलं, "शब्द तुम्ही दिलात, भाऊजी. तुम्ही पाळा." आणि ती माझ्याकडे आली.

तिचं पहिलं मागणं ग्रीस.

बाबा बोटीवर इंजिनिअर होते. लग्नाआधी कधीतरी त्यांची बोट दुरुस्तीसाठी एजियन समुद्रातल्या एका बेटाजवळ अडकून पडली होती. त्या बेटाच्या मागच्या अंगाला आयोस निकोलास नावाची वस्ती. दहाएक घरं, एक पांढरं प्रार्थनाघर, एक चहाकॉफीची जागा आणि गोट्यांचा किनारा. बाबा तिथून एक गोटा घेऊन आले होते. आमच्या घरी तो लोणच्याच्या बरणीत फोडींवर दाब म्हणून असायचा. काकांकडे जाताना आईने तो धुऊन पुसून पर्समध्ये ठेवला होता.

"तिथून दगड उचलायला बंदी आहे, वाचलंस का?" ती मला म्हणाली. "तुझ्या बाबांनी चोरी केली. परत करून येऊ."

गेलो. वस्ती तशीच होती, किंवा बाबांनी सांगितली होती तशीच आम्हाला दिसली. बंद खिडक्या, दोरीवर वाळत घातलेला ऑक्टोपस, दुपारी रस्त्यावर फक्त मांजरं. आई किनाऱ्यावर वाकली, बाबांचा गोटा ठेवला, उठून उभी राहिली आणि लगेच तिला तो परत हवासा वाटला. तेवढ्यात लाट येऊन गेली. ओले झाल्यावर सगळे गोटे सारखे. दुपारभर आम्ही शोधत होतो. चहाकॉफीच्या जागेची म्हातारी येऊन आमच्याबरोबर शोधायला लागली. आमचं काय हरवलंय हे तिला माहीत नव्हतं. कानातलं वगैरे असावं, असं ती खुणेने विचारत होती. शेवटी आईने तिच्यासमोर एक साधा दगड धरला आणि किनाऱ्याकडे हात केला. म्हातारीने आधी दगडाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. डोक्याला हात लावला आणि आम्हाला कॉफी प्यायला नेलं.

कॉफी पिताना आई म्हणाली, "सापडत नाही म्हणजे पोचला." थोड्या वेळाने म्हणाली, "माझं असंच कर. पाण्यात भिरकावायचं नाही. ठेवायचं. आणि माझ्या वतीने कोणाला काही बोलू द्यायचं नाही."

एवढंच होतं. एवढंच मला करायचं होतं.

दहाव्याला दक्षिणेचा गार वारा होता, गाडीचं दार धरून उघडावं लागत होतं. पुण्यात नुकतं उजाडलं होतं. काका स्वेटर घालून, कपाळाला गंध लावून फोनच्या पडद्यावर बसले होते.

"जवळपास झाड आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा, इथे नुसता वारा आहे. हीप्स, म्हणजे ढीगभर," शंतनू म्हणाला.

"आणि कावळे?"

"कावळे या देशात नाहीत म्हटलं ना. मॅगपाय असतात. काळे-पांढरे."

"म्हणजे अर्धे कावळे," काका म्हणाले. स्वतःच्या विनोदाला ते हसले नाहीत. त्यांना झोप लागली नसावी.

मी रिकार्टन भागातल्या भारतीय दुकानातून आणलेले काळे तीळ घालून भात कालवला होता. केळीच्या पानाऐवजी स्टीलचं ताट, कारण पान उडालं असतं. भाताशेजारी आईला आवडणारी ऑलिव्ह ठेवली.

"ते हिरवं काय आहे?"

"ऑलिव्ह, काका."

"दहाव्याला ऑलिव्ह?"

"तिला आवडायची."

मी ताट ठेवून मागे सरले, हात जोडायलाही वेळ मिळाला नाही. सीगल कुठून आले कळलं नाही. एक, मग पाच, मग मोजता येईनात इतके. किंचाळत, एकमेकांना टोचत, ताट उलटंपालटं करत. भात संपला. एकाने ऑलिव्ह घेतली, थुंकली, परत घेतली. शंतनूने फोन त्यांच्याकडे वळवला.

"हे काय? काय चाललंय?"

"शिवले, बाबा. सगळेच शिवले."

"अरे ते सीगल आहेत! ते चालत नाहीत."

"त्यांना कोण सांगणार?" शंतनू म्हणाला.

मला हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा. काकांनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "मुग्धा, बाळा, ही थट्टा नाही. सीगल काहीही खातात. वहिनींचं काही राहिलं असलं तर कसं कळणार? तू तिथे एकटी. त्यांचा जीव तुझ्यात अडकला असणार. मी बोलतो त्यांच्याशी. सांगतो, मुग्धाला आम्ही परत घेऊन येऊ, एकटी ठेवणार नाही. मग दर्भाचा कावळा करून—"

"काका."

"दर्भ नसेल तर गवत चालेल. शंतनू, एक गवताची काडी—"

"काका, बाबांच्या वेळी दर्भ नव्हता का?"

पडद्यावर ते हलले नाहीत. मला वाटलं फोन अडकला. मग मागे कुकरची शिट्टी झाली, तेव्हा कळलं अडकला नाही.

"होता," ते म्हणाले. "गुरुजींच्या हातातच होता. ते म्हणालेही, करू का. मीच थांबा म्हटलं." त्यांनी चष्मा काढला. "चार लोकांसमोर बोललं म्हणजे वहिनींना पुढे कोणी काही बोलणार नाही, असं वाटलं. एकटी बाई. मी वाईट केलं का?"

वाईट केलं नाही, असं मला म्हणता आलं असतं. त्यांचं वय झालंय, आणि आईच्या आजारपणात ते रोज फोन करायचे. पण आईने त्या वाक्यात बारा वर्षं काढली होती, आणि ती वर्षं माफ करायचा अधिकार मला कोणी दिला नव्हता.

"तिला विचारलं नाहीत," मी म्हणाले. "आज मलाही विचारलं नाहीत. मी परत येणार नाहीये. माझ्या वतीने कोणाला शब्द देऊ नका, सीगललासुद्धा नाही."

"बरं," काका म्हणाले. "बरं. दगड तरी पाठव. दादाच्या शेजारी राहू दे तिला. एवढं ऐक."

"बाबा गोदावरीत नाहीत, काका. आईने त्यांना ग्रीसला नेऊन ठेवलं."

हे त्यांना कळलं नाही. कळावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. मी शंतनूच्या हातातून जीवखडा घेतला. इतक्या दिवसांच्या तिळाच्या पाण्याने तो थोडा तेलकट झाला होता. उतारावरून पाय घसरू न देता मी खाली गेले, ओल्या रेषेपर्यंत, आणि तो बाकीच्या गोट्यांमध्ये ठेवला. भिरकावला नाही, ठेवला. मनात काही म्हणायचं ठरवलं होतं, ते आठवलं नाही. लाट आली, बूट भिजले, लाट गेली. त्या प्रचंड सुपाने एकदा पाखडलं.

वर आले तेव्हा काका फोनमधून शंतनूला सांगत होते, "अरे उचल तो. अजून तिथेच असेल. जा, पटकन जा."

शंतनू माझ्याकडे न बघता खाली गेला. मी त्याला अडवलं नाही. त्याच्या बापाने सांगितलं होतं, आणि त्याला लवकरच त्याच घरात उतरायचं होतं. तो वाकला. एका जागी बराच वेळ वाकून राहिला. एक हात खाली गेला. मग तो सरळ झाला आणि त्याने रिकामे हात पँटला पुसले.

"सापडत नाही, बाबा," तो म्हणाला.

"नीट बघ."

"सगळे सारखेच आहेत हो. खरंच सापडत नाही. ठेवतो फोन, बोटं गारठलीत."

ताट शोधायला आम्हाला वेळ लागला, ते वाऱ्याने दूर गेलं होतं. शेजारच्या लिटल रिव्हर गावातल्या कॅफेत थांबलो. शंतनूने सारणाचे दोन मोठे पफ मागवले आणि दोन्ही स्वतःच खाल्ले. बाहेर गाडीजवळ आल्यावर तो म्हणाला, "मुग्धाताई, त्या दगडावर पांढऱ्या दोन रेघा होत्या. एकमेकींना छेदणाऱ्या. वाफ्यातून उचलला तेव्हाच बघितल्या होत्या मी."

"हो," मी म्हणाले. "मी रोज पाणी घालत होते."

"बाबा पुन्हा विचारतील."

"विचारू देत. चावी दे, मी चालवते."