बोहनीची मगर

मी दिवसभर चिमट्याने बी उचलते. जालन्यात बियाणांच्या कंपन्या पुष्कळ, त्यांतल्या एकीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी आहे. ओल्या कागदावर मिरचीचं एकेक बी ओळीत मांडायचं, झाकून ठेवायचं आणि किती उगवतात ते बघायचं. दहा वर्षांत माझ्या चिमट्यातून बी निसटलेलं नाही. हे मी घरात जरा जास्तच वेळा सांगते, तेही कबूल करते.

त्यातूनच फसले. आमची चिन्मयी पहिलीत आहे. तिच्या वर्गातल्या प्रेमच्या पप्पांनी नव्या गेम झोनमध्ये काचेच्या पेटीतली हिरवी कापडी मगर मशीनच्या पंजाने काढायचा अकरा वेळा प्रयत्न केला आणि अकराही वेळा हात हलवत परत आले, ही बातमी तिने मला ऐकवली. मी पोळ्या लाटत होते. त्या भरात म्हणाले, त्यात काय एवढं, तो पंजा म्हणजे मोठा चिमटाच की, माझ्या हातात आला तर मगर एका झटक्यात बाहेर. पोरीने दुसऱ्या दिवशी भर वर्गात जाहीर करून टाकलं की रविवारी मम्मी मगर काढणार आणि सोमवारी मगर शाळेत येणार. मला हे शनिवारी संध्याकाळी कळलं.

रविवारी सकाळी शटर अर्धं वर गेलेलं असतानाच आम्ही दारात हजर. मालक सिराजोद्दीन लोबान फिरवत होते. मस्तगडला त्यांचं पूर्वी कापडाचं दुकान होतं. पोरांच्या नादाने म्हातारपणी हा धंदा काढला, पण गल्ल्यावर बसायची रीत मात्र कापडाच्या दुकानातलीच. आमची नोट त्यांनी डोळ्यांना लावली आणि गल्ल्यात न टाकता समोर वजनाखाली ठेवली. बोहनीची होती ना, दिवसाची पहिली.

पहिल्या डावात पंजा मगरीच्या पाठीवरून सुळकन सरकला. दुसऱ्यांदा शेपटीला धरून वीतभर उचलली आणि सोडली. तिसऱ्यांदा शेजारचं अस्वल हलवून परत आला. तो चिमटा नव्हताच, ढिल्या बोटांचा आळशी माणूस होता. चिन्मयी काचेला नाक लावून उभी होती. मी पर्स खांद्याला लावली आणि म्हणाले, चल, पुढच्या रविवारी बघू.

सिराजोद्दीन गल्ल्यावरून उठून आले. "ताई, असं कसं जाऊन राह्यल्या? रकम घेतली, माल न्हाई दिला. बोहनी झाली कुठं?"

मी म्हटलं, चाचा, हा खेळ आहे, कापड नाही. पण त्यांना ते पटेना. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की दिवसभर बरकत नाही, हा त्यांचा आयुष्याचा हिशेब. त्यांनी मशीन फुकट चालू करून दिलं आणि म्हणाले, खेळा, मगर पडेपर्यंत खेळा.

तेवढ्यात धावड्याहून लग्नाच्या खरेदीला आलेली जीपभर माणसं आत शिरली. त्यांच्या हातात नोटा, आणि सिराजोद्दीन घेईनात. म्हणे, आधी या बाईंची बोहनी होऊ द्या. झालं, सगळं वऱ्हाड माझ्यामागे उभं. त्यांच्यातल्या चांगुणाबाई नावाच्या आजींनी तर ताबाच घेतला. विहिरीत पडलेली बादली गळाने काढतात तशी आधी हलव, मंग उचल, असं त्या मागून सांगत होत्या. मी हलवलं. उचललं. मगर पुन्हा धपकन खाली. मागून वीसेक माणसांनी एकदम सुस्कारा टाकला आणि माझे कान गरम झाले.

सिराजोद्दीननी शेवटी कमरेची किल्ली काढली. पेटी उघडून मगर हातात देतो, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडत होता, तोच चिन्मयीने मान हलवली.

"तशी नको. मम्मी काढणार हाय."

सिराजोद्दीन गल्ल्यावर परतले. मग तिला तहान लागली. गल्ल्याशेजारच्या जारचं पाणी पिऊन ती बऱ्याच वेळाने परत आली. मी तीच संधी साधली. तिला म्हटलं, जा, वऱ्हाडातल्या पोरांबरोबर मोटारींचा खेळ बघून ये. एरवी माझा पदर न सोडणारी पोरगी तुरुतुरु निघून गेली. मी सिराजोद्दीनना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं की खेळणी ज्यातून बाहेर पडतात त्या भोकाच्या काठावर मगर जरा सरकवा, पण पोरीला कळू देऊ नका. ते दाढीतल्या दाढीत हसले. वऱ्हाडाकडे बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, किल्ली फिरवली आणि मगर सरकवली.

चिन्मयी परत आली. मी श्वास रोखून पंजा खाली सोडला. त्याने मगरीला नुसता धक्का दिला आणि ती भोकातून खाली आली. वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. चांगुणाबाईंनी पोरीच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. आमची नोट अखेर गल्ल्यात पडली. चिन्मयीने मगरीला नव्हे, मला मिठी मारली, आणि मला एकाच वेळी फार आनंद झाला आणि फार लाज वाटली.

निघताना ती पायऱ्या उतरून पुढे गेली, तसे सिराजोद्दीन जवळ आले.

"ताई, पाण्याच्या बहाण्यानं तुमची पोरगी माझ्याकडं आल्ती. म्हणे, चाचा, मगर काठावर सरकवा, पण मम्मीला सांगू नका, तिला वाईट वाटंल. मी म्हटलं, बेटा, आधी मम्मीला हटव. तवर तुम्हीच पोरीला हटवून आल्या."

हसू आवरत नव्हतं आणि डोळे भरून आले होते. मी स्कूटी काढली. घरी तिने केदारला, म्हणजे तिच्या पप्पांना, मम्मीचा हात कसा जरासुद्धा हलला नाही ते करून दाखवलं. मी भाजी चिरत राहिले.

सोमवारी मगर शाळेत जाऊन आली. संध्याकाळी प्रेमच्या पप्पांचा फोन. ताई, पुढच्या रविवारी आमच्याबरोबर चला, प्रेमसाठी ते अस्वल तेवढं काढून द्या. मी फोनवर हात ठेवून चिन्मयीकडे पाहिलं. आता काय सांगू यांना?

ती मगरीच्या शेपटीला माझी जुनी रिबीन बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "हो म्हण. पण शटर उघडायच्या टाइमालाच जायचं. बोहनीच्या आधी."