अस्सल दार

सकाळी दहाच्या सुमारास, टेकडीवरच्या कोठीत भुतं बघायला आलेली माणसं माडीवरच्या खोलीतून हसत बाहेर पडली. त्यांच्यातली एक बाई मात्र उंबऱ्यातच, उघड्या दाराला पाठ लावून बसली. ती उठेना.

बाई साठीची, शिवणकाम करणारी. कोठी कित्येक वर्षं बंद होती. जुन्या मालकाच्या नातवाने ती गेल्या वर्षी उघडली आणि तिकीट लावलं. गाइड प्रत्येक टोळीला तेच सांगायचा. या खोलीत घरकामाची पोर राहायची. प्रेमात फसली, आतून कडी लावून घेतली, अंथरूण पेटवून दिलं, धुरात गुदमरून मेली. मग तो सगळ्यांना आत घालून बाहेरून कडी सरकवायचा आणि दार नखांनी खरवडायचा. लोक किंचाळायचे.

ती पोर या बाईची धाकटी बहीण होती. आतून कडी होती, आम्ही काय करणार, असं कोठीवाल्यांनी तेव्हा सांगितलं. पोलिसांनी मान डोलावली. त्यानंतर लोक वडिलांना एकच विचारत राहिले: कोण होता तो? वडिलांनी घराबाहेर पडणंच सोडलं.

आज अंधारात बाकीचे किंचाळत होते तेव्हा बाई शिवण तपासावी तशी बोटांनी दाराची आतली बाजू तपासत होती. दार उघडल्यावर तिने उजेडात पुन्हा पाहिलं. वरपासून खालपर्यंत धुराचा काळा थर. आत कडी नव्हती. कडी काढल्याची भोकंही नव्हती.

"हे दार नंतर बसवलेलं असेल," ती गाइडला म्हणाली.

गाइड दुखावला. "छे हो. मालक नवीन बसवायला निघाले होते, मीच अडवलं. अस्सल आहे. एक खिळासुद्धा बदललेला नाही."

"हे सगळ्यांसमोर परत सांग."

त्याने सांगितलं. दोघातिघांनी मोबाइलवर टिपलं. काय बोलून बसलो हे त्याला मालक धापा टाकत वर आला तेव्हा कळलं.

"मावशी, उठा बघू."

"मी तुझी मावशी नाही. असते तर तुझे कान उपटले असते."

"आजोबांच्या वेळची गोष्ट आहे. मी जन्मलोही नव्हतो."

"माझ्या बहिणीच्या मरणाचं तिकीट तर तूच फाडतोस."

मालकाने सुताराला फोन केला. आतून कडी बसवून टाक, लोकांच्या सुरक्षेसाठी. सुतार आला, हत्यारांची पिशवी खाली ठेवून उभा राहिला.

"कोणाचं ऐकायचं ते ठरवा," तो म्हणाला. "मला पुढे दुसरं काम आहे."

"माझ्या अंगावरून जा आणि ठोक," बाई म्हणाली.

सुताराने पिशवी उचलली.

तेवढ्यात बाईचा भाऊ येऊन पोचला. "ताई, घरी चल. इतक्या वर्षांनी उकरून काय मिळणार?"

"तिने कडी लावली नव्हती. कोणीतरी तिला कोंडलं आणि ती ओरडत असताना उघडलं नाही. आपले वडील कोणापुढे मान खाली घालून मेले, सांग."

भाऊ दाराजवळ गेला. आतून हात फिरवला, मग बाहेरची कडी एकदा सरकवून पाहिली. नंतर बहिणीशेजारी बसला.

दुपारी पोलीस अधिकारी आला. त्याने दाराचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, दाराला हात लावायचा नाही अशी मालकाला तंबी दिली आणि बहीणभावाला लेखी तक्रार द्यायला चौकीवर नेलं. खोलीला सील मात्र लावलं नाही. उद्या लावू, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीणभाऊ परत आले तेव्हा चौकट रिकामी होती. बिजागऱ्यांच्या जागी ताजं फाटलेलं लाकूड दिसत होतं.

"वाळवी लागली होती," मालक म्हणाला. "लोकांच्या अंगावर पडलं असतं."

"कुठे नेलंस?"

"भंगारवाला घेऊन गेला. कोण होता, बघितलं नाही."

गाइड कामावर आलेला नाही, त्याचा फोन बंद आहे. अधिकारी म्हणतो, फोटो आहेत, पण दार हवं. मालकाचा वकील म्हणतो, फोटोतलं दार कोणतंही असू शकतं, आणि मोबाइलवर गाइड बोलला ते तिकिटं खपवायला. बाई चौकीतल्या बाकावर बसून आहे, चहा नको म्हणाली. भाऊ टेम्पो घेऊन गावातली भंगाराची दुकानं आणि लाकडाच्या वखारी पालथ्या घालतो आहे. संध्याकाळ झाली तरी दार सापडलेलं नाही.