एकटा माणूस भांडी लगेच धुतो

त्या खोलीत वाचायला बसायचं म्हणजे आधी पंखा बंद. त्याची घरघर माइक पकडतो. मग दार लावायचं. मग मनगटावरचं घड्याळ काढून बाहेरच्या टेबलावर ठेवायचं, कारण टिकटिकही आत चालत नाही. भिंतींना स्पंज, खिडकी नाहीच, एका बाजूला जाड काच आणि काचेपलीकडे मशीनवाल्या बाई. एवढं सगळं झाल्यावर जी शांतता उरते ती भल्याभल्यांना सोसत नाही. दोघं-तिघं हौशी वाचक एकेक दिवस येऊन पळाले होते. बुवांना मात्र सोसली. घरी त्यांना तिची सवय होती.

बुवा हे काही त्यांचं नाव नव्हे, ते बाईंनी ठेवलेलं. एरवी ते कोर्टातले निवृत्त कारकून. साक्षीदाराने जबाब दिला की तो त्याला खणखणीत आवाजात वाचून दाखवायचा, "बरोबर आहे?" विचारायचं आणि सही घ्यायची, हे त्यांचं जन्मभराचं काम. खून, मारामाऱ्या, भावाभावांची भांडणं, मोडलेले संसार, सगळं एकाच सुरात. समोरचा धडधडीत खोटं बोलतोय हे दिसत असायचं, तरी आपलं "बरोबर आहे?" एवढंच. पदरचं एक अक्षर घालायची सोय नाही.

त्यामुळे घरी आले की सगळी मतं भडाभडा बायकोपुढे. ती भाजी निवडता निवडता ऐकायची आणि म्हणायची, "तुम्हीच न्यायाधीश व्हायला हवं होतं. निकाल एकही लागला नसता, पण लोकांना ऐकायला मजा आली असती."

ती गेली. मुलगा दूर परमुलखात. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "जेवलात?" "जेवलो." "तब्येत?" "ठणठणीत." एवढ्यात फोन संपायचा. बुवांची मतं आतल्या आत तुंबून राहिली.

अशात त्यांना ही संस्था सापडली. अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायची आणि पेनड्राइव्हवर घालून पोस्टाने घरोघरी पाठवायची, हे तिचं काम. सोमवारी आणि गुरुवारी बुवांची पाळी. देवापुढे बसावं तसे ते माइकपुढे हात जोडून बसत. समोर कोण ऐकतंय ते दिसत नाही, ओ येईल याची खात्री नाही, तरी मनापासून बोलायचं. भक्ती म्हणजे तरी दुसरं काय असतं?

पहिली कादंबरी गुप्तहेराची होती. शेवटचं वाक्य वाचायचं, "समाप्त" म्हणायचं आणि उठायचं, असा नियम. बुवांनी "समाप्त" म्हटलं, पुस्तक मिटलं, पण तोंड काही मिटेना.

"तर मंडळी," ते म्हणाले, "खुनी कोण ते मला चौथ्या प्रकरणातच कळलं होतं. ते सोडा. पण एवढ्या मोठ्या हवेलीत माणूस मरून पडलाय, आणि शेवटच्या पानापर्यंत कुणी रडलं का हो त्याच्यासाठी? सगळे आपले खुनी शोधतायत. मेलेल्याला जेवायला काय आवडायचं, हे एकालाही ठाऊक नाही. मला तर वाटतं, तो खून व्हायच्या आधीच मेला होता."

काचेपलीकडून बाई खुणा करत होत्या. शेवटी त्यांनी आतला स्पीकर चालू केला. "अहो, कादंबरी संपली, तुमचं निरूपण काही संपेना! बुवाच व्हायला हवं होतं तुम्ही."

तेव्हापासून बुवा.

मग प्रत्येक पुस्तकानंतर हे ठरूनच गेलं. प्रेमकथा झाली तेव्हा म्हणाले, "दोघांचा एकमेकांवर जीव, आणि तीनशे पानं बोलत नाहीत. एक कप चहा समोरासमोर बसून प्यायले असते तर चाळिसाव्या पानावर पुस्तक आटोपलं असतं. पण तरण्या माणसांना वाटतं, वेळ काय, पोतंभर पडलाय." ऐतिहासिक कादंबरी झाली तेव्हा, "राजाच्या घोड्याला नाव आहे, घोड्याच्या आईला नाव आहे, पण रोज पहाटे तो घोडा धुणाऱ्याला नाव नाही. लेखकाला विचारा, लढाईच्या दिवशी घोडा कुणाचं ऐकायचा?" आणि भुताची कादंबरी वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "खरं सांगू? मला भीती नाही वाटली. त्या घरात निदान कुणीतरी येतं-जातं."

त्या दिवशी बाई काचेआड हसल्या नाहीत.

बुवांच्या डोळ्यांपुढे ही मंडळी दिसायला लागली होती. कुणी खाटेवर आडवं पडून ऐकतंय, कुणी स्वयंपाक करता करता. घोड्याच्या मतावर कुणी मान डोलावली असेल, प्रेमकथेच्या मतावर एखादी म्हातारी फिस्सकन हसली असेल. रस्त्याने जाताना पांढरी काठी दिसली की ते उगाच घसा खाकरत. हा आवाज ओळखीचा वाटतो का बघू, म्हणून.

मग आली अंतराळातली कादंबरी. यानात एकच माणूस, वर्षानुवर्षं प्रवास, आणि शेवटी एकटेपणाने तो ठार वेडा होतो. वाचून झाल्यावर बुवा जरा तावातच बोलले.

"मंडळी, हे काही मला पटलं नाही. या लेखकाने एकटा माणूस पाहिलेलाच नाही. म्हणे हा भिंतीवर डोकं आपटतो, आरशाशी गप्पा मारतो. अहो, एकटा माणूस असलं काही करत नाही. एकटा माणूस भांडी लगेच धुतो. एक ताट, एक वाटी, एक पेला. जेवण झालं की उठून लगेच. कारण ती तशीच ठेवली तर दिसतं, की एकच ताट आहे."

बाई त्या आठवड्यात रजेवर होत्या. मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मशीनवर कुणी तात्पुरते गृहस्थ बसले होते, त्यांनी अंगठा वर केला आणि सगळं जसंच्या तसं साठवून टाकलं.

महिन्याभराने कार्यवाहांनी बुवांना वरच्या खोलीत बोलावलं. कार्यवाह शिस्तीचा माणूस. टेबलावर टाचणीसुद्धा सरळ रेषेत.

"बसा. तुमच्याबद्दल तक्रार आली आहे."

"माझ्याबद्दल?"

"एका बाईंचा फोन होता. चांगल्याच तापल्या होत्या. पुस्तक संपल्यावर वाचणारा भलतंसलतं बोलतो, म्हणाल्या. मी ऐकून पाहिलं. ताट, वाटी, पेला. हे काय आहे?"

"माझं मत आहे."

"पुस्तकात आहे?"

"पुस्तकात असतं तर मत कशाला द्यावं लागलं असतं?"

कार्यवाहांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, तुमचा आवाज चांगला आहे, उच्चार चांगले आहेत. पण वाचकानं वाचावं. बाईंची रजा पडली म्हणून या वेळी हे निसटलं. एरवी त्या कापतात."

"कापतात म्हणजे?"

"म्हणजे 'समाप्त'च्या पुढचं सगळं काढून टाकतात. पहिल्यापासून."

बुवा खुर्चीत थोडे पुढे सरकले. "गुप्तहेराचं?"

"असेल. काढलंच असेल."

"घोडा धुणाऱ्याचं?"

"कुठला घोडा?"

"भुताचं?"

"अहो, सगळंच," कार्यवाह म्हणाले, आणि मग समोरच्या माणसाचा चेहरा बघून त्यांचा आवाज आपोआप खाली आला. "नियमच आहे तसा. पुढचं पुस्तक नियमाने वाचा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मला ते करायचं नाही."

जिना उतरताना बुवांच्या मनात हिशेब चालला होता. एवढी वर्षं आपण ज्यांच्याशी बोलत होतो, त्यांनी आपलं काहीच ऐकलेलं नाही. कुणी मान डोलावली नाही, कुणी फिस्सकन हसलं नाही. आणि आयुष्यात एकदाच एक मत दाराबाहेर पडलं, तर त्याची तक्रार आली.

घरी येऊन ते जेवले. ताट, वाटी, पेला धुऊन पालथे घातले. रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय काढून पाहिला. "अरे, मी एक अंतराळातली कादंबरी वाचली. त्यात एक माणूस..."

"बाबा, मस्तच! वाचत राहा. वेळ चांगला जातो. जेवलात ना?"

"जेवलो," बुवा म्हणाले.

सोमवारी गेले तर काचेआड बाई परत आलेल्या. आजी झाल्याचा आनंद चेहऱ्यावर, पण नजर मिळवेनात.

"बुवा, रागावलात?"

"नाही हो. तुम्ही तुमचं काम केलंत. मी कोर्टात तेच करायचो."

"कापताना मी ऐकायची हं पण. प्रत्येक वेळी."

"एक तरी श्रोता होता म्हणायचा," बुवा म्हणाले, आणि त्यांनी पंखा बंद केला.

नवं पुस्तक होतं एका मोठ्या कुटुंबाची कादंबरी. चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरंबाळं, एका प्रकरणात भांडणं आणि पुढच्या प्रकरणात समेट. बुवांनी ते जबाब वाचावा तसं वाचलं. स्वच्छ, सपाट, एका सुरात. शेवटचं वाक्य झालं. "समाप्त," ते म्हणाले.

बाईंनी मशीन बंद केलं नाही. काचेतून हातानेच विचारलं, काय? बुवांनी मान हलवली आणि पुस्तक मिटून खोलीबाहेर आले. घड्याळ मनगटावर बांधताना त्यांचा पट्टा दोनदा चुकला.

असे आणखी काही आठवडे गेले. बुवा येत, वाचत, जात. पांढरी काठी दिसली तरी घसा खाकरत नसत. एकदा तर त्यांनी मनाशी ठरवलं, हातातलं पुस्तक पुरं करायचं आणि कार्यवाहांना सांगायचं, दुसरा माणूस बघा. नुसता आवाज द्यायचा तर तो कोर्टाला देऊन झाला होता.

ते पुस्तक पुरं व्हायला थोडीच पानं उरली होती, तेव्हा एका गुरुवारी बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. काचेवर टकटक केलं, दार उघडलं आणि फोनच त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. तुमची तक्रारवाली. कार्यवाह नाहीत म्हणून माझ्याकडे आला. आणि बुवा, त्यांनी त्या दिवशी नीट ऐकलंच नव्हतं. तुम्ही बोललात ही तिची तक्रार नव्हतीच. घ्या तरी!"

बुवांनी फोन कानाला लावला. पलीकडे बायकी आवाज, वयस्कर, धारदार.

"वाचणारे तुम्हीच का?"

"हो, मीच."

"मग आधी हे सांगा, ते भांड्यांचं कुणी शिकवलं तुम्हाला? साफ खोटं आहे. मी जन्मभर एकटी राहते. माझी भांडी दोन-दोन दिवस पडलेली असतात. कुणासाठी धुवायची?"

बुवांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुमचं... तुमचं तसं असेल."

"असेल नाही, आहे. एकटा माणूस भांडी धुतो म्हणे! एकट्या माणसाची भांडी बघायला कधी या माझ्याकडे. मी हे त्या दिवशी सांगायला फोन केला, तर तो तुमचा कोण साहेब, मला म्हणतो, क्षमस्व, पुन्हा असं होणार नाही. मी म्हटलं, होऊ द्या की! पण त्याने फोन ठेवला. आणि नंतरचं पुस्तक आलं ते मुकंच. मी आपली 'समाप्त' नंतर वाट बघत बसले. नुसती खरखर. मेलं बिघडलं की काय, म्हणून तीनदा लावलं."

"कुठलं पुस्तक?"

"ते चार भावांचं. काय वाटलं तुम्हाला? बोला."

बुवांनी काचेकडे पाहिलं. बाई पाठमोऱ्या होऊन कसलीतरी वायर गुंडाळत होत्या. ती वायर गुंडाळायची काही गरज नव्हती.

"साहेबांनी मत द्यायला मनाई केली आहे," बुवा म्हणाले.

बाई उघड्या दारातून पाठमोऱ्याच बोलल्या, "रेकॉर्डिंगवर. फोनवर कुणी केली?"

बुवांनी घसा खाकरला. "त्या घरात एक आत्या आहे. आठवते?"

"सगळ्यांना चहा देणारी. बोलत नाही कधी."

"तीच. विसाव्या प्रकरणापासून ती पुस्तकात नाहीच. मेली असं लिहिलेलं नाही, कुठे गेली तेही नाही. लेखक तिला साफ विसरला हो. आणि घरातल्या एकालाही कळलं नाही, की आज चहा कुणी केला. मला त्या चार भावांच्या समेटाचं काही वाटलं नाही. मी आपला शेवटच्या पानापर्यंत तिलाच शोधत होतो."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"चूक," ती म्हणाली. "लेखक नाही विसरला. ती निघून गेली. एकोणिसाव्या प्रकरणात ती चपला पुसते, ते तुम्हीच तर वाचलंत! दिवसभर चहा करणारी बाई चपला कशाला पुसेल? तिला जायचं होतं. शहाणी होती ती."

"चपला सगळ्यांच्याच पुसत असेल."

"पुस्तक काढा."

"आत्ता?"

"मग कधी? एकोणिसावं प्रकरण. वाचा, आणि माझंच बरोबर निघालं तर कबूल करायचं."

बुवांनी बाईंकडे पुस्तक मागितलं. त्यांनी ते कपाटातून आधीच काढून ठेवलं होतं. बुवांनी माइकपुढे बसावं तसं नीट बसून, फोन मांडीवर धरून, खणखणीत आवाजात तो परिच्छेद वाचला. चपला होत्या. कुणाच्या, ते लिहिलेलं नव्हतं. त्यावरून दोघं पुन्हा जुंपले. बाईंनी मघाशीच लावून दिलेला पंखा फिरत होता आणि आज तो कुणाच्या आड येत नव्हता.

फोन ठेवताना ती म्हणाली, "येत्या गुरुवारपर्यंत मी भुताचं ऐकून ठेवते. तेव्हाचं तुमचं मत कापलं, असं तुमच्या बाई म्हणाल्या. ते सांगायचं. आणि हो, आजचं ताट धुवू नका. बघा काही होतं का."

कार्यवाहांना दुसरा माणूस बघा असं सांगायचं होतं, ते बुवा विसरूनच गेले.

संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यांनी ताट, वाटी, पेला मोरीत तसेच ठेवले. खुर्चीत येऊन बसले. वर्तमानपत्र उघडलं. एक बातमी दोनदा वाचली. मोरीतून ताट बोलावत असल्यासारखं वाटायला लागलं. थोडा वेळ दम धरला, मग उठलेच. धुऊन, पुसून पालथं घातलं.

"चूक," ते हात कोरडे करत रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले. "माझंच बरोबर आहे. सांगतोच तिला."

गुरुवार अजून बराच लांब होता.