पायऱ्यांचं मशीन आणि गिरिजाबाई

"अहो मावशी, मशीनच्या पाया काय पडताव!"

व्यायाम शिकवणारी शिवांजली हसत धावत आली, पण तोवर गिरिजाबाईंनी चपला भिंतीकडेला काढून, मशीनची खालची पायरी शिवून कपाळाला हातसुद्धा लावला होता. पायरी दिसली की आधी नमस्कार, मग पाऊल. जन्माची सवय!

"बूट घाला. हा येडाई देवीचा डोंगर न्हाय, वर कुणी बसलेलं न्हाय."

"मग चढून जायचं कुठं?"

"कुठंच न्हाय. पायऱ्या खाली सरकत्यात, आपण चढत ऱ्हायचं."

"आगं बया! एवढा घाम गाळून हाय तिथंच?"

येरमाळ्याच्या हायवेवर टायरच्या दुकानामागं ही जिम. अकरा ते बारा ही बायकांची वेळ. गिरिजाबाई शेजारच्या खानावळीत तीस वर्षं चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत आलेल्या. हात अजून झपाझप चालायचे, पाय मात्र बसून बसून आळसावले होते. उठताना जमिनीला हात टेकावा लागे. देवीच्या डोंगराच्या विसाव्या पायरीवरच छातीचा भाता व्हायचा. म्हणून दोन वर्षं त्यांची ओटी शेजारची दगडाबाई नेत होती आणि परत आल्यावर कुंकू लावता लावता टोमणा हाणत होती, "देवी इचारत हुती, गिरजा हाय का गेली?"

यंदा ओटी स्वतःच्या हातानं भरायची, हे गिरिजाबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, जिने चढा. पण घर पत्र्याचं, जिना आणायचा कुठून?

पहिल्या दिवशी दोन मिनिटांत पाय लटपटले. त्यांनी कठड्यावर सगळा भार टाकला.

"रेलू नका! हातावर भार गेला की पाय फुकट बसत्यात. आन् चढता चढता बोला माझ्यासंगं. बोलता आलं म्हंजे बरोबर चाललंय. धाप लागली की वेग कमी."

बोलायला काय, गिरिजाबाई तयारच! खानावळीतल्या गिऱ्हाइकांच्या नकला करत त्या आठवड्यातून चार दिवस चढू लागल्या. नमस्कार मात्र सुटेना. शेवटी शिवांजलीनं दंड लावला, पाया पडलं की एक मिनिट जास्त. महिन्याभरात सवय मोडली. तिसऱ्या महिन्यात पंधरा मिनिटं होऊ लागली, आणि एका दुपारी चुलीपुढून उठल्यावर गिरिजाबाईंच्या लक्षात आलं, आपण हात टेकलाच नाही! त्या मुद्दाम पुन्हा बसल्या आणि पुन्हा उठल्या.

शुक्रवारी त्या ओटी घेऊन डोंगर चढल्या. मागून दगडाबाईचा आवाज, "आगं थांब की! कुत्रं लागलंय का मागं?"

वर पोचून पदर सावरला, ओटीचं ताट पुढं केलं आणि गिरिजाबाईंचा हात थबकला.

"दगडे, म्या पायरी शिवलीच न्हाय."

"कंची?"

"पहिली. बिनानमस्काराची तशीच चढून आले की गं! त्या मशीननं सवय मोडली."

"हितूनच हात जोड. देवी समजून घेती."

"देवी घेईल. मला न्हाय करमायचं. धर ही ओटी."

उतरणं सोपं नव्हतं. मशीननं चढायचंच शिकवलं होतं. मांड्या थरथरल्या, तशा त्या अंग तिरकं करून एकेक पायरी जपून उतरल्या. खाली पोचल्या. वाकल्या, पहिली पायरी शिवली, कपाळाला हात लावला आणि गुडघ्यावर हात न ठेवता सरळ उभ्या राहिल्या.

पुन्हा चढू लागल्या. अर्ध्यावर आल्या तेव्हा वरून हाक आली, "दमलीस का गं?"

पाऊल न थांबवता, एका दमात गिरिजाबाई ओरडल्या, "न्हाय गं, तू ओटीतलं खोबरं सांभाळ, तुझ्या मागच्या भिंतीवर माकड बसलंय!"

दगडाबाईनं दचकून ताट दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. गिरिजाबाई हसत हसत पुढची पायरी चढल्या.