अमृतलालच्या मशिनीची घरघर

“आता हे सांगितलं तर तुमी कुणी विश्वास ठेवणार न्हाई,” संयमच्या मोबाइलकडं बघत सावळाराम म्हणाला, “पण हे मशीन मुंबईवरनं जुन्नरला आलं ते सोताच्या उजेडात! माळशेज घाटात असलं धुकं, का ड्रायव्हरला सोताच्या मिशा दिसंनात. त्यात जीपचे दिवे गेले. अमृतशेठ म्हणाला, सावळ्या, खोकं फोड. फोडलं. पडदा हिरवागार पेटला, आन् त्या उजेडात आमी घाटावरचं मढ गाव गाठलं.”

“लाइट नसताना पेटला?” संयमची आई जागृती पेढ्यांचं ताट सारखं करत म्हणाली.

“लाइटीवर तर बल्बबी पेटतो, सूनबाई. त्याला कशाला मुंबईला जायचं?”

दुकानात हशा पिकला. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती. जुन्नरच्या पेठेतल्या या बी-बियाण्यांच्या दुकानात शेजारचे चार व्यापारी, दोन गिऱ्हाइकं आणि घरची माणसं दाटीवाटीनं बसली होती. हसली नाही ती फक्त उगमबाई. काचबिंदूनं डोळे गेलेली ती म्हातारी मशिनीला खेटून बसली होती आणि वाट बघत होती.

पेठेतले बाकीचे शेठ या दिवशी हिशेबाच्या चोपड्या पुजायचे. उगमबाईचा नवरा अमृतलाल मात्र ज्या साली हा कम्प्युटर आणला त्या सालापासून कम्प्युटरच पुजायचा. कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि मग बटण दाबायचं. आतली हार्ड डिस्क आधी बारीक शीळ घालायची, मग घरघरायला लागायची, आणि शेवटी उचकी लागल्यासारखं खट्‌ खट्‌ करायची. रोज सकाळी अमृतलाल गादीवर बसला की ती घरघर जिन्यानं वर स्वयंपाकघरात जायची आणि उगमबाई चहाचं आधण ठेवायची. तो गेल्यावर मशीन रोज लावायचं कारण उरलं नाही. पण दिवाळीला ती कॅबिनेटवर पंजा ठेवून बसायची, घरघर सुरू झाली की “आले” म्हणायची, आणि मगच पेढे वाटायला निघायचे.

यंदा दसऱ्याला नातू संयम पुण्याहून आला. त्यानं मशीन लावून बघितलं, तर डिस्क अडकलेली. दोन-चार थापट्या मारल्या तेव्हा कुठं फिरली.

“दादी, हिचं काही खरं नाही,” तो म्हणाला. “एखाद्या वेळेस फिरेल, मग कायमची बसेल. त्यापेक्षा हिच्या जागी एक कार्ड घालतो, नखाएवढं. पडदा तोच, प्रोग्रॅम तोच. फक्त ही घरघर नाही.”

“मग राह्यलं काय?” उगमबाई म्हणाली. “चालतंय तवर चालू दे. बंद पडलं तर बंद पडलेलं पुजीन. माझ्या माघारी काय करायचं ते करा. पण मी हाय तवर स्क्रूला हात लावायचा न्हाई.” मग ती सावळारामच्या आवाजाकडं वळली. “भाऊ, मला दिसत न्हाई. तुमी बघा.”

“बघतो की, वहिनी,” सावळाराम म्हणाला होता.

बोरी बुद्रुकचा हा म्हातारा उभा जन्म याच दुकानातनं बियाणं नेत आला. बियाणं घ्यायला लागायचा अर्धा तास, थांबायचा दिवसभर. एकेकाळी पायरीवर शेतकऱ्यांची रांग लागायची आणि सावळारामच्या थापा ऐकताना कुणाला आपला नंबर आल्याचं ध्यानात राहायचं नाही. आता रांगेतल्या प्रत्येकाची मान मोबाइलवर. परवा एकाला त्यानं वाघाची गोष्ट सांगायला घेतली, तर तो पोरगा कानातली वायर काढून म्हणाला, “बाबा, काय पायजे का?”

संयमनं हे हेरलं. “आजोबा, तुमच्या गोष्टींचे व्हिडिओ करू. जुना माणूस, जुनं मशीन. लोक वेडे होतील.”

पहिला व्हिडिओ वानराचा केला. लेण्याद्रीचं वानर दुकानात शिरलं, त्यानं मशिनीवर कांद्याचा भाव टाइप केला, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात तोच भाव फुटला. आठ दिवसांत मंचरच्या एसटी स्टँडवर एका बाईनं विचारलं, “तुमीच का वो ते वानरवाले बाबा?” सावळाराम त्या दिवशी एसटीत बसला तो छाती काढून बसला. तिथंच तो विकला गेला.

मग संयम म्हणाला, मशीन चालायला पाहिजे, नाहीतर पुढचा व्हिडिओ कशाचा? कार्ड घालू, जुनी डिस्क नुसती काढून फडक्यात गुंडाळून ठेवू, दादीनं म्हटलं तर पुन्हा बसवू. न कापता, न तोडता. पोरगं खोटं बोलत नव्हतं. उगमबाई दुपारची वामकुक्षी घेत असताना त्यांनी स्क्रू काढले. डिस्क सावळारामच्या हातात आली. विटेएवढी जड. समोर मोबाइल चालू होता, आणि सावळारामला वाटलं, एवढ्यावर बघणाऱ्याचं पोट भरायचं नाही.

“उघड की हिला,” तो म्हणाला. “आत काय घरघरतंय ते दावू लोकांना.”

संयमनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा मोबाइलकडं. मग त्यानं झाकण काढलं. आत आरशासारखी चकाकती तबकडी. तीत सावळारामला स्वतःचं तोंड दिसलं. तोंडावर धुळीचा कण पडलेला होता, म्हणून त्यानं उपरण्याच्या टोकानं तबकडी पुसली.

“झालं,” संयम म्हणाला. “संपली ही. उघडली की संपतेच.”

“मंग आधी का न्हाई बोललास, भाड्या?”

“तुम्हीच म्हणालात उघड. आणि रेकॉर्डिंग चालू होतं.”

तो व्हिडिओ वानराच्या व्हिडिओपेक्षा जास्त चालला. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

उगमबाईला सांगायची वेळ आली तेव्हा दोघं एकमेकांना पुढं ढकलायला लागले. बंद पडलेलं पुजीन, असं तिनं स्वतःच सांगून ठेवलं होतं. सांगितलं असतं तर तिनं तेही पुजलं असतं. पण मग कुणी उघडली तेही सांगावं लागलं असतं. शेवटी संयमनं इंटरनेटवर शोधून अगदी तसल्याच डिस्कचा आवाज काढला. आज झेंडूच्या ढिगाआड एक बारका स्पीकर दडवला. आवाजाचं तो बघणार होता. बोलत राहायचं काम सावळारामचं होतं.

“...तर मढला आलो, आन् बघतो तर काय...”

“पुरे, भाऊ,” उगमबाई म्हणाली. “मुहूर्त जाईल.”

तिनं चाचपत स्वस्तिक काढलं, फूल ठेवलं आणि कॅबिनेटवर पंजा टेकवला. संयमनं बटण दाबलं. पडदा हिरवा झाला. आधी शीळ, मग घरघर, मग खट्‌ खट्‌. सावळारामनं कान टवकारले. असला स्वच्छ आवाज तर खुद्द अमृतलालच्या वेळीही नव्हता. जागृतीनं ताट उचललं. सगळे “आले” ऐकायला थांबले.

उगमबाईचा पंजा कॅबिनेटवरनं बाजूला सरकला, मग पुढं, मग खाली टेबलाच्या लाकडावर, तापलेलं पोर चाचपावं तसा. मशिनीच्या आतल्या पंख्याची बारीक थरथर होती, तेवढीच. घरघर मात्र चालूच होती.

जागृतीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. सावळारामनं घसा खाकरला.

“वहिनी, कुणाला खरं वाटणार न्हाई,” तो घाईघाईनं म्हणाला, “पण मशीन म्हातारं झालं ना, का अंगातली ताकद जाती आन् नुस्ता गळा राह्यतो. आता माझंच बघा...”

“खोटं बोलताय तुमी, भाऊ,” उगमबाई म्हणाली. “आवाज येतोय, पण हाताला धडधड लागत न्हाई. ह्यांच्या जागी कुणाला आणून बसवलंय?”